घर सोडतानाचा वाद घर घेतानाच सुरू होतो

भाड्याचं घर सोडलं की दोन-तीन आठवड्यांनी एक यादी येते. हॉलच्या भिंतीवर डाग, सिंकखालचं कपाट फुगलेलं, बेडरूमच्या कोपऱ्यात बुरशी, सरकत्या दाराची पट्टी वाकलेली, ‘सर्वसाधारण साफसफाई’. प्रत्येक ओळीपुढे एक रक्कम आणि खाली बेरीज. ही बेरीज बहुतेक वेळा अनामत रकमेच्या जवळपास येऊन थांबलेली असते. यादी पाठवणारा घरमालक नसतो, एजंट असतो. मालकाला फोन केला तर तो म्हणतो, “ते सगळं एजंट बघतो.” एजंट म्हणतो, “मालकांचा निर्णय आहे, माझ्या हातात काही नाही.”

मला अशी यादी एकदा आली होती. घरात आम्ही चार वर्षं राहिलो होतो आणि यादीत अकरा ओळी होत्या. त्यातल्या दोन माझ्याच होत्या, हे आधीच सांगते. खिळे काढल्यावर भिंतीतली भोकं बुजवायची राहून गेली होती आणि स्वयंपाकघराच्या ओट्याचा कोपरा माझ्या हातून फुटला होता. त्यांचे पैसे मी तक्रार न करता दिले असते. पण सगळ्यात मोठी रक्कम बेडरूममधल्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीवरच्या बुरशीपुढे होती. ती बुरशी पहिल्याच वर्षी कपाट सरकवलं तेव्हा दिसली होती. मी एजंटच्या ऑफिसात तीनदा फोन केला होता. लेखी काहीच पाठवलं नव्हतं. “मालकांना सांगतो” असं तिन्ही वेळा म्हणणारा मुलगा एव्हाना नोकरी सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेल्या मुलीसमोरच्या फायलीत आमच्याबद्दलचा एकच कागद होता. ताबा घेतला त्या दिवशीचा, ‘घर उत्तम स्थितीत मिळाले’ असं एकच वाक्य असलेला. खाली माझी सही.

ती मुलगी खोटं बोलत नव्हती. तिच्यासमोर जेवढं होतं तेवढंच ती वाचत होती. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की वाद मी आज हरत नाहीये, चार वर्षांपूर्वी सामानाचा टेम्पो खाली उभा असताना हरून बसले आहे.

घराच्या अवस्थेवरून होणाऱ्या या भांडणांत कायदा संदिग्ध आहे, असं पुष्कळांना वाटतं. तत्त्वापुरतं बोलायचं तर तो अजिबात संदिग्ध नाही. आपल्याकडचा मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या १०८व्या कलमात भाडेकरूने घर ज्या स्थितीत घेतलं त्या स्थितीत परत करावं असं म्हटलंय आणि लगेच सूटही दिलीय: वाजवी वापराने झालेली झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरच्या कारणांनी झालेले बदल सोडून. जर्मनीच्या नागरी संहितेतलं ५३८वं कलम हेच सांगतं, की करारानुसार केलेल्या वापरामुळे घरात जे बदल होतात त्यांना भाडेकरू जबाबदार नाही. इंग्लंडमध्येही नियम हाच. तीन देश, तीन वेगवेगळे कायदे, आणि मूळ गोष्टीवर एकमत. भाडं हे घर वापरण्याचंच असतं. वापराने होणाऱ्या झिजेची किंमत भाड्यात आलेली असते, ती अनामतीतून पुन्हा वसूल करणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणं.

मग भांडण कशाचं? ‘ज्या स्थितीत घेतलं’ या तीन शब्दांचं. ती स्थिती कोणती होती हे कायदा सांगू शकत नाही. ते त्या दिवशी घरात उभं राहिलेल्या कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. आणि लिहायचं काम आपण ज्याच्याकडे सोपवतो, तो घर लवकरात लवकर भाड्याने जावं म्हणून नेमलेला माणूस असतो. माझं सगळं म्हणणं इथे आहे. नोंद ठेवणारा, तक्रार ऐकणारा आणि शेवटी कपात ठरवणारा एकच माणूस असेल, आणि त्याचे पैसे एकाच बाजूकडून येत असतील, तर तो कितीही सज्जन असला तरी निवाडा न्याय्य होण्याची शक्यता फार कमी उरते.

झीज आणि नुकसान यांतली रेषा तशी फार अवघड नाही. घरात नीटनेटकं राहणाऱ्या माणसाच्या हातूनही ते झालंच असतं का, एवढं स्वतःला विचारलं तरी बरंचसं उत्तर मिळतं. उंबरठ्याजवळची फरशी निस्तेज होणं, विजेच्या बटणांभोवती भिंत काळवंडणं, खुर्चीच्या पाठीने रंग घासला जाणं, उन्हाच्या बाजूचे पडदे विटणं, नळाची चकती जाणं ही झीज. इस्त्रीचा चटका, फुटलेलं बेसिन, दाराला पाडलेलं भोक हे नुकसान. राहणारी माणसं किती, मुलं आहेत की नाहीत, मुक्काम एका वर्षाचा की सहा वर्षांचा, यावर झिजेचं माप बदलतं. चार माणसांच्या कुटुंबाला घर दिलं तर ते चार माणसांएवढंच झिजणार, आणि हे मालकाला करार करतानाच माहीत असतं.

खरी गफलत होते ती रकमेत. नुकसान भाडेकरूने केलं हे मान्य केलं तरी त्याने द्यायचं किती? यादीत जवळजवळ नेहमी नव्या वस्तूची पूर्ण किंमत धरलेली असते. समजा, घराचा रंग पाच वर्षं टिकावा अशी अपेक्षा आहे. भाडेकरू आला तेव्हा रंग अगदी ताजा होता, चार वर्षांनी तो गेला आणि त्याच्या लेकराने एका खोलीच्या भिंतींवर रेघोट्या मारलेल्या होत्या. तो रंग तसाही वर्षभरात काढावाच लागला असता. म्हणजे मालकाचं नुकसान झालं ते उरलेल्या एका वर्षाचं, त्या एका खोलीचं. रंगकामाच्या खर्चाचा पाचवा हिस्सा फार तर मागता येईल. पूर्ण घराचं रंगकाम भाडेकरूच्या अनामतीतून करून घेतलं तर मालकाला जुन्याच्या जागी नवं फुकट मिळालं. इंग्लंडमध्ये अनामतीचे वाद सोडवणाऱ्या योजनांचे निवाडे करणारे लोक हेच तत्त्व लावतात: भरपाई म्हणजे सुधारणा नव्हे. आणि जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मार्च २०१५मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. घर मुळात रंगरंगोटी न करताच दिलं असेल आणि त्याबद्दल भाडेकरूला वाजवी मोबदला मिळाला नसेल, तर रंगरंगोटीची जबाबदारी त्याच्यावर टाकणारं छापील कलम त्याला बांधून ठेवत नाही.

दोन्हीकडे पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. रंग ताजा होता की जुना? कोणत्या साली लावला होता? ताबा देताना हे लिहिलं होतं का?

आता ओलीबद्दल. भिंतीच्या ओलीइतका कडवट वाद भाड्याच्या घरात दुसरा कुठलाच होत नाही, कारण त्यात पैशांबरोबर भाडेकरूच्या राहणीवरही बोट ठेवलं जातं. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: खिडक्या उघड्या ठेवत जा, कपडे आत वाळवू नका, स्वयंपाक करताना झाकण ठेवा. म्हणजे बुरशी घराला आलेली नाही, तुम्ही आणली आहे.

भिंत ओली होण्याचे मार्ग मुख्यतः तीन. बाहेरचं पाणी आत येतं, भेगेतून, छतातून किंवा फुटलेल्या नळीतून. हे बहुतेकदा एका ठिकाणी असतं, त्याला तपकिरी कडेचा डाग पडतो आणि पाऊस झाला की तो वाढतो. दुसरा मार्ग जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीचा. ती तळमजल्यावर दिसते, भिंतीच्या पायथ्यापासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत जाते, पोपडे निघतात, पांढरा क्षार फुलतो. तिसरी ओल हवेतल्या वाफेची. श्वास, अंघोळ, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे यांमुळे एक कुटुंब रोज कित्येक लिटर पाणी घरातल्या हवेत सोडतं. ती वाफ सगळ्यात थंड पृष्ठभागावर जाऊन बसते: बाहेरच्या भिंतीचे कोपरे, खिडकीच्या कडा, भिंतीला चिकटलेल्या कपाटाची पाठ. तिथे काळे ठिपके येतात.

एजंट बोट ठेवतात ते या तिसऱ्या ओलीवर. वाफ माणसांमुळे होते हे खरंच आहे. पण श्वास घेणं, अंघोळ करणं आणि रांधणं ही राहणी नाही, ते जगणं आहे. घर ज्या कामासाठी बांधलं आणि भाड्याने दिलं, तेच हे काम. ती वाफ बाहेर जायला पंखा आहे का, खिडकी उघडते का, भिंत एवढी गार का पडते, हे प्रश्न घराचे आहेत. त्याच खोलीत, तेच कुटुंब, तशाच सवयींनी राहिलं आणि भिंतीला उष्णतारोधक थर व न्हाणीघराला चालता पंखा असला, तर बुरशी कदाचित येणारही नाही. न्यूझीलंडने हे ओळखलं. २०१९च्या ‘निरोगी घरे’ मानकांमध्ये भाड्याच्या घरातली बैठकीची खोली १८ अंश सेल्सियसपर्यंत गरम करू शकेल असा हीटर, छताला आणि जमिनीला उष्णतारोधक थर, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा बाहेर टाकणारे पंखे, पाण्याचा निचरा आणि फटी बुजवणं हे सगळं मालकावर बंधनकारक केलं. १ जुलै २०२५पासून तिथल्या प्रत्येक खाजगी भाड्याच्या घराला ती लागू झाली. घराने काय पुरवायचं हे असं एकदा लिहून टाकलं, की ‘तुम्ही खिडकी का नाही उघडली’ हा प्रश्न बराचसा निरर्थक होतो.

इंग्लंडला हे एका मुलाच्या मृत्यूनंतर कळलं. रॉचडेलमध्ये आवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२०मध्ये वारला. गरजूंना स्वस्त भाड्याने घरं देणाऱ्या संस्थेच्या ज्या घरात तो राहत होता, तिथल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे त्याच्या श्वसनसंस्थेवर परिणाम होऊन हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२२मध्ये दिला. त्याच्या वडिलांनी बुरशीची पहिली तक्रार मुलाच्या जन्माच्याही आधी, २०१७मध्ये केली होती. त्यांना वरून रंग मारायला सांगण्यात आलं होतं. कुटुंबाच्या राहणीवर ठपका ठेवला गेला होता. आता त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आहे. २७ ऑक्टोबर २०२५पासून इंग्लंडमधल्या सामाजिक गृहनिर्माणात, म्हणजे अशा स्वस्त भाड्याच्या घरांत, तातडीच्या धोक्याची दखल २४ तासांत घ्यावी लागते, आणि गंभीर ओल-बुरशीची तक्रार आल्यावर १० कामकाजाच्या दिवसांत तपास करावा लागतो. तपासात धोका आढळला तर पुढच्या ५ कामकाजाच्या दिवसांत घर सुरक्षित करावं लागतं.

हे मी भीती घालायला सांगत नाहीये. बुरशीने प्रत्येक घरात असं होत नाही. पण ‘राहणी’ या शब्दाने तक्रार बंद करण्याची सवय किती दूर जाऊ शकते हे त्यातून दिसतं. तक्रार आली तेव्हा कुणीतरी भिंतीचं कारण शोधायला हवं होतं. त्याऐवजी माणसाचं कारण शोधलं गेलं, कारण ते स्वस्त होतं.

आणि हे घडतं ते फक्त निष्काळजीपणाने नाही, व्यवसायाच्या रचनेमुळे. एजंट काय करतो, त्याला पैसे कशाचे मिळतात, हे नीट पाहायला हवं. त्याला घर लागलं की मोबदला मिळतो आणि देखभाल त्याच्याकडे असेल तर दर महिन्याच्या भाड्यातून टक्केवारी. भाडेकरूची तक्रार सोडवण्यात त्याचा वेळ जातो, मालकाचा खर्च होतो आणि मालक नाराज झाला तर घर दुसऱ्या एजंटकडे जातं. भाडेकरू नाराज झाला तर फार तर घर सोडतो, आणि मग नवा भाडेकरू, नवा मोबदला. या आकडेमोडीत सगळ्यात प्रामाणिक माणूससुद्धा हळूहळू एका बाजूला कलतो. तक्रार मालकापर्यंत पोचवताना तिची धार कमी करतो. प्लंबरला ‘जरा बघून घे’ सांगतो, कारण शोधायला सांगत नाही.

वर कायद्याने त्याला एक सोयीची जागाही दिलीय. भारतीय करार कायद्याच्या, १८७२च्या, २३०व्या कलमानुसार एजंटने मालकाच्या वतीने केलेल्या कराराला सर्वसाधारणपणे एजंट स्वतः बांधील नसतो. म्हणून तो निर्धास्तपणे म्हणू शकतो, की मी फक्त मधला. पण त्याच्या जेमतेम एक कलम आधी, २२९व्या कलमात, तितकीच महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही. एजंटला कामाच्या ओघात जी माहिती दिली जाते ती, तिसऱ्या माणसाच्या दृष्टीने, मालकालाच दिली असं धरलं जातं. म्हणजे बुरशीची तक्रार मी एजंटला केली तेव्हाच ती मालकाला झाली. “मला कुणी सांगितलंच नाही” हे मालकाचं उत्तर टिकणारं नाही. अट एवढीच, की मी सांगितलं होतं हे दाखवता आलं पाहिजे. जर्मन कायदा तर भाडेकरूवर उघडच जबाबदारी टाकतो. घरात दोष दिसला की ताबडतोब कळवायचं, नाही कळवलं आणि त्यामुळे नुकसान वाढलं तर भरपाई तुझ्याकडून. मला हे योग्य वाटतं. मी तीन फोन केले आणि एक ओळ लिहिली नाही, हा माझा दोष होता. तक्रार करणं हा हक्क आहे तसं ते भाडेकरूचं कामही आहे, आणि ते तारखेसह, फोटोसह, लेखी करायचं असतं.

लेखी तक्रार करायला माणसं का कचरतात तेही समजून घेतलं पाहिजे. तक्रार करणारा भाडेकरू ‘कटकट्या’ ठरतो आणि करार संपला की त्याला दुसरं घर बघायला सांगितलं जातं. या भीतीपोटी लोक गळक्या नळाखाली बादली ठेवून दोन-दोन वर्षं काढतात, आणि मग त्याच गळतीने फुगलेल्या कपाटाचे पैसे स्वतः भरतात. इंग्लंडने २०१५मध्ये अशा सूडापोटी दिलेल्या नोटिसांवर काही बंधनं घातली आणि २०२५च्या कायद्याने कारण न सांगता घर रिकामं करून घेण्याची वाटच बंद करायचं ठरवलं. तक्रार करण्याचं संरक्षण नसेल तर दुरुस्तीचा हक्क कागदावरच राहतो, हे त्यांना दहा वर्षांच्या अनुभवातून उमगलं.

एजंटला पैसे कुणी द्यायचे, या प्रश्नाकडे काही देशांनी वेगळ्या बाजूने पाहिलं. जर्मनीत १ जून २०१५पासून भाड्याच्या घरांबाबत नियम झाला: ज्याने एजंटला काम सांगितलं त्यानेच त्याचे पैसे द्यायचे. न्यूझीलंडने डिसेंबर २०१८मध्ये आणि इंग्लंडने जून २०१९मध्ये एजंटांनी भाडेकरूंकडून शुल्क घेणं बंद केलं. इंग्लंडमध्ये तोवर घराच्या अवस्थेची यादी बनवण्याचे पैसेसुद्धा भाडेकरूकडून घेतले जात. हे नियम मला पटतात, पण एक धोका सांगायला हवा. पैसे फक्त मालकच देणार म्हटल्यावर एजंट कुणाचा माणूस आहे हे आणखीच स्पष्ट होतं. म्हणून शुल्कबंदीबरोबर दुसरी गोष्ट लागते: एजंटवर वचक ठेवणारी बाहेरची व्यवस्था. स्कॉटलंडमध्ये २०१८पासून भाड्याची घरं देणाऱ्या एजंटांची सरकारी नोंदणी आणि आचारसंहिता आहे, संहिता मोडली तर भाडेकरू थेट न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. आपल्याकडे २०१६च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, पण ती घरांच्या विक्रीपुरती. भाड्याने घर घेणाऱ्याला तर त्या कायद्याने ‘घर घेणारा’ या व्याख्येतूनच वगळलंय. विक्रीत माणूस आयुष्यात एकदा-दोनदा एजंटच्या तावडीत सापडतो, भाड्याच्या घरात दर दोन-तीन वर्षांनी. नोंदणीची गरज कुठे जास्त होती?

सगळ्यात मोठा फरक पडतो तो मात्र अनामत कुणाच्या खिशात आहे यावरून. पैसे मालकाकडे किंवा एजंटकडे असतील, तर वादाच्या वेळी काहीही न करणं त्यांच्या फायद्याचं असतं. भाडेकरूने पत्रं लिहायची, फेऱ्या मारायच्या, वकील गाठायचा. अनामतीपेक्षा वकिलाचा खर्च जास्त म्हटल्यावर तो नाद सोडतो, आणि हे समोरच्यालाही ठाऊक असतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २००७पासून अनामत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करणं सक्तीचं झालं. आज ते ३० दिवसांत करावं लागतं, नाही केलं तर मालकाला अनामतीच्या एक ते तीन पटींपर्यंत दंड होऊ शकतो. त्या योजनांमध्ये वाद गेला की सुरुवात या गृहीतकापासून होते, की पैसे भाडेकरूचे आहेत. कापायचे असतील तर कापणाऱ्याने सिद्ध करायचं. न्यूझीलंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियाच्या राज्यांमध्ये ही रक्कम सरकारी यंत्रणेकडे जमा होते.

या एका बदलाने माणसांचं वागणं कसं बदलतं पाहा. सिद्ध करण्याचं ओझं मालकाकडे गेलं, की ताबा देतानाची तपशीलवार नोंद त्यालाच हवीहवीशी वाटू लागते. ‘उत्तम स्थितीत’ हे एक वाक्य आता त्याच्या उपयोगाचं राहत नाही, कारण त्याने काहीच सिद्ध होत नाही. एजंट खोलीखोलीत जाऊन फोटो काढतो, कपाटाची दारं उघडून बघतो, रंगाची तारीख लिहितो. कुणी त्याला उपदेश केलेला नसतो.

आपल्या केंद्र सरकारने २०२१मध्ये आदर्श भाडेकरार कायदा तयार केला. त्यात चांगलं पुष्कळ आहे. राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नाही. कुठली दुरुस्ती कुणाची याचं परिशिष्टच जोडलंय: इमारतीची मुख्य दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी, पाण्याच्या नळ्या बदलणं, विजेचं वायरिंग मालकाकडे, तर नळाच्या चकत्या, नाल्यांची सफाई, गिझरची दुरुस्ती, कड्या-कुलपं भाडेकरूकडे. मालकाने दुरुस्ती टाळली तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण एका महिन्यात भाड्याच्या निम्म्याहून जास्त नाही. घराची देखभाल पाहणाऱ्या व्यवस्थापकाची कामं काय, हेही त्यात लिहिलंय. इतकं सगळं करून अनामत मात्र मालकाच्याच हाती ठेवली आहे. घर रिकामं करून ताब्यात घेताना देणी वजा करून ती परत द्यायची, आणि वजाबाकीही त्यानेच करायची. हा नमुना कायदा आहे, राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो, म्हणजे सुधारायला अजून वाव आहे. राज्यांनी तो घेताना अनामत तिसऱ्या हाती देण्याचं कलम त्यात घालावं, अशी माझी ठाम मागणी आहे. बाकीची अर्धी कलमं गाळली तरी चालतील, पण हे गाळायला नको.

मालकांची बाजू मी विसरलेले नाही. भाड्याने दिलेलं घर म्हणजे पुष्कळदा निवृत्त माणसाची आयुष्यभराची बचत असते. भाडेकरू रातोरात निघून जातात, मागे फुटलेली फरशी, तुंबलेली मोरी, महिनोन्महिन्यांची वीजबिलं ठेवून जातात, आणि दोन महिन्यांची अनामत त्याला पुरत नाही. अशा मालकाचंही संरक्षण शेवटी नोंदीतच आहे. तारखांचे फोटो आणि दोघांच्या सह्या असलेला कागद त्याच्याकडे असेल तर त्याला धाकदपटशा करायची गरज पडत नाही. कागद नसला की मग तो अंदाजाने कापतो, भाडेकरूला तो लुबाडतोय असं वाटतं, आणि पुढच्या वेळी भाडेकरू शेवटच्या दोन महिन्यांचं भाडंच देत नाही. ‘अनामतीतून वळतं करून घ्या’ म्हणतो. ही युक्ती आज सर्रास चालते आणि भाडेकरू तिला स्वसंरक्षण समजतात. मला ती चुकीची वाटते, पण ती कुठून जन्मली ते मला कळतं.

कायदा बदलेपर्यंत एक गोष्ट दोघांनाही करता येते, आणि तिला कुणाची परवानगी लागत नाही. सामान आत येण्याआधी, रिकाम्या घरात, दिवसाउजेडी तासभर. नळ सगळे पाच मिनिटं सोडून सिंकखाली हात लावून बघायचा. खिडक्या उघडून मिटून पाहायच्या. बाहेरच्या भिंतींचे कोपरे, छताच्या कडा, कपाटांच्या पाठी. वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे. जे दिसेल ते शब्दात लिहायचं, ‘ठीक’ किंवा ‘चांगलं’ असं नाही, तर ‘खिडकीखाली हातभर लांब पोपडा’ असं. दोघांच्या सह्या, दोघांकडे प्रत, आणि फोटो त्याच दिवशी एकमेकांना पाठवायचे, म्हणजे तारखेवरून वाद होत नाही. एजंट घाईत असेल. त्या दिवशी त्याची घाई चालू द्यायची नाही.

नंतरच्या घराच्या वेळी मी तसंच केलं. एजंटच्या ऑफिसातून आलेला मुलगा दारात घड्याळ बघत उभा होता, त्याच्या हातात छापील कागद होता आणि त्यावर तेच वाक्य. मी म्हटलं, “आधी हे कपाट जरा सरकवू या.” तो कुरकुरला, पण हात लावला. मागे भिंतीवर तळहाताएवढा काळा पट्टा होता. आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प राहिलो. मग त्याने कागद कपाटावर ठेवला, छापील वाक्यावर काट मारली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘बेडरूम, बाहेरची भिंत, कपाटामागे ओल व बुरशी, ताबा देण्यापूर्वीची.’ तीन वर्षांनी आम्ही घर सोडलं तेव्हा तपासणीला दुसरंच कुणीतरी आलं होतं. कपाट सरकवलं, पट्टा आता बराच मोठा झालेला होता. तो मला काहीतरी विचारणार होता, तेवढ्यात त्याची नजर हातातल्या कागदावरच्या त्या ओळीवर गेली. त्याने तिच्यापुढे बरोबरची खूण केली, खाली ‘मालकांना कळवणे’ लिहिलं आणि पुढच्या खोलीत गेला.